म्हाळूच्या बोटीचा डाकवाला

आप्पाराव पंच्याहत्तरीचे, पण एका जागी पाच मिनिटं बसतील तर शपथ. चहा दिला की उभ्यानंच प्यायचे, कपबशी हातात घेऊन दारापर्यंत जाऊन यायचे. कधी बसलेच, तर टाच हलत राहायची. त्यांची सून सांगायची, "मामंजी जेवतानाबी रस्त्याकडं तोंड करून बसत्यात." चाळीस वर्षं सायकलवरून डाक वाटली, त्याची ही सवय असेल असं मी समजत होते.

मला अशा माणसांचा राग येतो. मी मूळची धारूरची. तलवाड्याजवळच्या या गावात अकरा वर्षं शाळेवर आहे, आणि तालमीत कुणी चुळबुळ केलेली मला खपत नाही. आप्पाराव तर रोज तालमीला येऊन चुळबुळ करायचे.

नाटक मीच गावच्या यात्रेसाठी लिहिलेलं. एकाहत्तरच्या लढाईत एक बोट समुद्रात बुडाली. तिच्यावर आमच्या गावचा म्हाळू होता, धनगराचा पोरगा. गोदावरीच्या पुरापेक्षा मोठं पाणी न पाहिलेला माणूस नेव्हीत गेला कसा, हे गावाला अजून कोडं आहे. बोट सापडली नाही, माणसंही सापडली नाहीत. नाटकात मी बोटीला नाव दिलंच नाही. गाव तिला 'म्हाळूची बोट' म्हणतं, तेवढं पुरे. बोटीवरच्या चार माणसांची चार घरं दाखवली होती. केरळचं, पंजाबचं आणि कोकणातलं घर मी मनानं रचलं. चौथं आमच्या गावचं, आणि ते तर समोरच येऊन बसणार होतं, त्यामुळं तिथं मनाचं काही घालायची सोय नव्हती.

उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून बोट केली. समुद्र म्हणून शेततळ्याचा निळा कागद घेतला. नववीच्या चार पोरी चार कोपरे धरून तो हलवायच्या, आणि हात थांबला की माझी बोलणी खायच्या.

चौथ्या घराच्या गोष्टीत आप्पाराव होते. गावात सांगतात ती गोष्ट अशी, की लढाईच्या धामधुमीत म्हाळू गेल्याची तार दोन महिने उशिरा, फेब्रुवारीत आली. घरची माणसं तेव्हा मेंढरं घेऊन पाथरीच्या पुढं रानोमाळ हिंडत होती. बावीस वर्षांच्या आप्पानं तीन दिवस सायकल मारून त्यांचा तळ हुडकला आणि म्हाळूच्या बायकोच्या, ताराबाईंच्या हातात तार दिली. या सायकलच्या प्रवेशावर मी फार खूश होते. यात्रा कमिटीनं तर ठरवून टाकलं, की नाटक संपलं की ताराबाईंच्या हस्ते आप्पारावांना शाल आणि नारळ द्यायचा.

तो प्रवेश सुरू झाला की आप्पाराव हमखास उठायचे. "पानी पिऊन येतो," म्हणायचे आणि प्रवेश संपल्यावर परत यायचे. एकदा माझा तोल गेला.

"आप्पाराव, तुमचंच कौतुक चाललंय ना? मग बसा की गप."

"मॅडम, तेवढं कमी करा. लई हुतंय."

मला वाटलं, मनात मांडे खातायत आणि वरवर नको नको म्हणतायत.

नाटकात खरी तार दाखवावी, असं माझ्या डोक्यात आलं आणि मी ताराबाईंकडं गेले. त्यांनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून दिला. "न्या. पन वल लागू देऊ नका," एवढंच म्हणाल्या. घरी येऊन मी तो उलगडला. मजकूर इंग्रजीत होता : बेपत्ता, मृत समजावे. तारीख सतरा डिसेंबर. मागं आमच्याच गावच्या डाकेचा शिक्का, एकोणीस डिसेंबरचा.

म्हणजे तार वेळेवर आली होती. मी पायात चपला सरकवल्या आणि तडक आप्पारावांच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

"एकोणीस डिसेंबरला आलेली तार फेब्रुवारीपर्यंत कुठं होती?"

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. मला हे कसं कळलं, ते त्यांनी विचारलंच नाही. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत, माझ्याकडं न बघता ते बोलत राहिले.

"म्या तवाच गेलतो, मॅडम. तालुक्याच्या तारबाबूनं अर्थ सांगितला हुता. दुसऱ्याच दिशी निघालो, तिसऱ्या सांजंला तळ घावला. बघतो तर ताराबाईची ओटी भरायलेत. सातवा महिना. हिरव्या बांगड्या घातलेल्या. म्हाळूची माय म्हनली, बरा आलास, म्हाळूच्या वर्गातला हायस, त्याच्या भावाच्या जागी बस. पुरनाची पोळी वाढली. तार हितं हुती." त्यांनी छातीवरच्या खिशावर हात ठेवला.

"मग?"

"मंग जेवलो."

सासुरवाडीला जाता जाता आलो, अशी थाप त्यांनी तिथं मारली. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नव्हती. त्याच पंगतीत ताराबाईंनी त्यांना नवऱ्याला पत्र लिहायला सांगितलं. आप्पांच्या पिशवीत कोरी अंतर्देशीय पत्रं असायचीच.

"ती सांगत गेली, म्या लिव्हत गेलो. बारशाला या म्हनली, तेबी लिव्हलं. मेलेल्या मानसाला लिव्हलं, मॅडम."

तार आणि पत्र दोन्ही खिशात घालून ते परत आले. मागून सरकारी पाकिटं आली, तीही त्यांनी कणगीत लपवली. पोर बारा दिवसांचं झाल्यावर पुन्हा सायकल काढली आणि तेव्हा तार दिली. उशीर कसा झाला, हे कुणी विचारलं नाही. उलट सगळ्यांनी पाठ थोपटली.

मला दया आली असं लिहायला हवं, पण आली नाही. संताप आला. त्यांचा आला, आणि माझ्या त्या सायकलच्या प्रवेशाचाही आला. "शाल खांद्यावर पडायच्या आधी हे ताराबाईंना सांगायचं," मी म्हणाले. "नाहीतर मी सांगते." प्रयोग परवावर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. ताराबाईंच्या घरावरून आप्पाराव सरळ पुढं निघून गेले. वळून आले, परत पुढं गेले. तिसऱ्या खेपेला मी त्यांची बाहीच धरली.

ताराबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. आप्पारावांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एका दमात, पाठ केलेला धडा म्हणावा तसं. सूप थांबलं नाही.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "माजा बजरंग नववीत असताना त्यानं त्यो कागद वाचून दावला. त्याला म्हनलं, गप ऱ्हा."

"मंग बोलल्या कावून न्हाई, वैनी?"

"तुमी कदी बोलता ते बघत हुते."

आप्पाराव जाग्यावरच पाय बदलत राहिले. ताराबाईंनी सूप खाली ठेवलं.

"तार दाबली त्याचं काई न्हाई, आप्पा. तवा हातात पडली असती तर पोटातलं ऱ्हायलं असतं का न्हाई, देवाला ठावं. पन पत्र कावून लिव्हलं? हात दुखतोय म्हनायचं, शाई सपली म्हनायचं. दोन महिने म्या रोज सडकंकडं बघितलं. बारशालाबी वाटंकडं तोंड करून बसले हुते. त्यो राग न्हाई गेला माजा. अजून हाय."

मी आप्पारावांकडं बघितलं. त्यांनी खिशातून पत्र काढलं. निळा रंग पार विटलेला, घड्या झिजलेल्या, पण डिंकानं बंद केलेलं तसंच. त्यांनी ते पुढं धरलं. ताराबाईंनी हात लावला नाही.

"मला कशाला? त्यात काय हाय ते मला ठावं हाय. ज्याला लिव्हलं त्याला द्या. उद्या बोटीवर चढा आन् समद्या गावासमोर वाचा. शाल मातर माज्या हातनं मिळायची न्हाई."

सायकलचा प्रवेश मी त्याच दुपारी कापला. कमिटीनं कुरकुर केली, शाल आणून ठेवली होती म्हणे. मी म्हटलं, तुमच्यापैकी कुणालाही घाला.

प्रयोगाला ट्रॉल्यांसमोर गाव दाटून बसलं होतं. ताराबाई पहिल्या रांगेत, शेजारी बजरंग. बोट बुडाली, तिन्ही घरांचे प्रवेश झाले आणि आप्पाराव वर चढले. तार आपण दाबली होती, हे त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "काय बोलायलाय बे ह्यो?" बजरंगनं मान वळवून बघितलं तसा तो आवाज बंद झाला. आप्पारावांनी त्रेपन्न वर्षांचा डिंक नखानं सोडवला आणि वाचायला लागले.

"मी बरी हाय. माय बरी हाय. काळी मेंढी व्याली, दोन कोकरं झाली. माय इचारती, तुमच्या बोटीखाली किती पानी असतं, गोदावरीएवढं का जास्ती, ते कळवा. बारशाला या. नाव तुमीच ठिवायचं. तुमी येस्तवर मी त्याला कशानंच हाक मारनार न्हाई."

इथं ते थांबले. मला वाटलं, संपलं. पण खाली आणखी एक ओळ होती, ताराबाईंनी न सांगितलेली. त्यांनी तीही वाचली.

"लिहिणार, आप्पा. म्हाळ्या, ये रे लौकर."

ताराबाईंनी पदर तोंडाशी नेला. ही ओळ त्यांना ठाऊक नव्हती. बजरंगनं त्यांचा हात धरला, तो सोडवून घेत त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आप्पा, टाका आता पोस्टात."

आप्पारावांनी इकडं तिकडं बघितलं. मग वाकून त्यांनी पत्र समोरच्या निळ्या कागदावर ठेवलं. कोपरे धरलेल्या चारी पोरींचे हात थांबले. महिनाभर त्यांना त्यावरून झापणारी मी, पण आज मीही त्या पत्राकडंच बघत राहिले.

"हलवा गं पोरींनो," ताराबाईच म्हणाल्या. "जाऊ द्या त्याला."

पोरी कागद हलवू लागल्या. पत्र थोडं वर आलं, मग खाली, आणि हळूहळू सरकत पलीकडं जायला लागलं. आप्पाराव ट्रॉलीच्या कडेला बसले आणि ते दिसेनासं होईपर्यंत उठले नाहीत.