जिभेवर विसंबलेलं पाणी

उपचार केंद्राच्या मागच्या अंगाला, उघड्या आभाळाखाली, एक लहानसा तलाव होता. तो सांभाळणाऱ्या माणसाला सगळे खारटनाना म्हणत. माणूस गोडच होता, पण वीस वर्षं रोज सकाळी काठावर उकिडवं बसून तो बोटाने पाणी जिभेला लावायचा आणि सांगायचा, "आज बरोबर आहे," नाहीतर, "अर्धी गोणी कमी." मीठ मोजायचा मीटर कपाटात धूळ खात पडला होता. नाना म्हणायचे, "मीटरला सेल लागतात. मला लागत नाहीत."

तलाव खाऱ्या पाण्याचा. पंप पाणी ओढायचा, ते एका पेटीतल्या पत्र्यांमधून जायचं आणि तिथेच मिठापासून क्लोरीन तयार व्हायचं. पंप थांबला की पेटीही थांबायची. नानांचा नेम साधा होता. ऊन क्लोरीन खातं आणि अंगाचा घामही खातो, म्हणून ऊन चढायच्या आत दोन्ही सुरू करायचं आणि शेवटचा माणूस अंग पुसून गेल्यावर बंद. खाणारा जेवायला बसलेला असताना चूल विझवत नाहीत, असं ते म्हणत.

मग नवे साहेब आले. रात्रीची वीज स्वस्त, म्हणून पंपाची वेळ रात्रीची लावली आणि पंपाच्या बटणांच्या डब्याला कुलूप घातलं.

"साहेब, दुपारपर्यंत पाण्यात काही उरत नाही हो."

"नाना, पाणी तेच, मशीन तेच, तास तेवढेच. रात्री केलेलं दुपारी कुठे पळून जातं?"

"उन्हात जातं."

"मग छत्री धरा," साहेब म्हणाले. कार्यालयातली माणसं हसली.

नानांनी वाद वाढवला नाही, त्याला कारण होतं. त्यांची एकुलती एक लेक दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली होती. कमरेखाली पाय नुसते लोंबायचे. कर्मचाऱ्याची मुलगी म्हणून रोज दुपारी एक तास तलाव तिला फुकट. मागे फरशा बदलायला तलाव महिनाभर बंद राहिला आणि सहा महिन्यांची कमाई गेली. पाय पुन्हा लाकूड झाले. आता कुठे ती दांडी धरून पाण्यात अकरा पावलं टाकत होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "आता खंड पडला, तर पुढचं माझ्या हातात नाही."

त्यात तपासणीचा कागद आला. गुरुवारी दुपारी चार वाजता. मागच्या खेपेला क्लोरीन कमी भरलं होतं, ही शेवटची संधी, नाहीतर तलाव बंद.

बुधवारी नानांनी पाणी चाखलं. सपक. पुन्हा चाखलं. तरी सपक. मीठच कमी, म्हणून क्लोरीन पुरत नाही, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी एकामागून एक सहा गोण्या मीठ ओतलं.

गुरुवारी दुपारी लेक पाण्यात उतरली. तिसऱ्या पावलालाच थांबली.

"बाबा, आज पाण्यात काय घातलंय? तोंडात गेलं तर मळमळलं मला."

"काही नाही. मीठ जरा कमी होतं."

"कमी? अहो, लोणचं घालताय का माझं?"

ती हसत होती. नानांनी बोट बुडवून पुन्हा जिभेला लावलं. सपकच. हिवाळ्यात त्यांना मोठा ताप येऊन गेला होता. तेव्हापासून आमटी अळणी, चहा कोमट पाणी; तलावाचं मीठही ते सवयीच्या अंदाजानेच सांगत आले होते. ते त्यांनी घरात सांगितलं नव्हतं, कामावर तर नाहीच. खारटनानांची जीभ गेली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

ते धावत पेटीपाशी गेले. लाल दिवा. मीठ फार झालं की पेटी आपोआप बंद पडते, म्हणजे रात्रभर पंपाने नुसतं पाणी फिरवलं होतं. आत क्लोरीनचा कणही नव्हता.

त्यांनी लेकीला बाहेर काढून खुर्चीत बसवलं, तळाची झडप उघडली, बागेची नळी तलावात सोडली. अर्धं पाणी बदलायला हवं होतं. नळी अंगठ्याएवढी. तीन तासांत वीतभरही नवं पाणी आलं नाही. नाना काठावर येरझाऱ्या घालत राहिले, मधेच गुडघ्यावर बसून नळी दाबून बघत, जणू दाबल्याने ती जास्त देणार होती.

चारला तपासणीस बाई आल्या. बाटलीत पाणी घेतलं, थेंब टाकले. गुलाबी व्हायला हवं होतं. झालं नाही.

"मशीनवर लाल दिवा का?"

साहेबांनी हात वर केले. "वीस वर्षं हेच बघतात. यांनाच विचारा."

बाईंनी कागद काढला. "मशीन नादुरुस्त असं लिहिते. नवं बसेपर्यंत तलाव बंद."

नवं मशीन म्हणजे अर्ज, मंजुरी, तीन-चार महिने. नानांनी लेकीकडे पाहिलं. ती ओले पाय टॉवेलने चोळत होती.

"मशीन चांगलं आहे, बाई," ते म्हणाले. "माझी जीभ नादुरुस्त आहे." मग सगळं सांगितलं. ताप, सहा गोण्या, कपाटातला मीटर. "पाणी बदला, मशीन चालेल. पण दिवसा चालवा. हे मात्र माझ्या जिभेचं नाही, उन्हाचं सांगतोय."

बाईंनी लिहिलं: निम्मं पाणी बदलावं, पंप आणि मशीन सकाळपासून शेवटचा माणूस जाईपर्यंत चालू ठेवावं, आठ दिवसांनी फेरतपासणी.

त्या गेल्यावर साहेब सावकाश म्हणाले, "नाना, उद्यापासून येऊ नका."

"पगार देऊ नका, साहेब. नाव तेवढं राहू द्या. नाव असेल तर पोरीला तास मिळतो."

"नियम माझे नाहीत," साहेब म्हणाले आणि आत गेले.

लेकीने ऐकलं होतं, पण तिने दुसरंच विचारलं. "किती दिवस बंद, बाबा?"

"पाण्याला आठ."

"आणि मला?"

नळी तलावातून निसटून फरशीवर वाहत होती. नाना वाकले आणि ती पुन्हा पाण्यात धरून बसले.