दवंडी परत घेणारे कोतवाल

फोनमधून माझाच आवाज येत होता. शेजारचा दत्ता फोन उंच धरून सगळ्यांना ऐकवत होता, "पोरं घरात ठेवा. टोपल्यावाल्याच्या वेशात पोरं पळवणारी माणसं फिरतायत. माझ्या भाचीनं डोळ्यानं बघितलंय." आणि समोर, पाराजवळच्या विजेच्या खांबाला एक टोपल्यावाला दाव्यानं बांधलेला होता. बिघडलेले मोबाइल घेऊन बदल्यात प्लॅस्टिकची टोपली देणारी माणसं गाडीवरून गावोगाव फिरतात, त्यातलाच तो. कपाळ फुटलं होतं. डावा हात वेडावाकडा लोंबत होता. शाळेपाशी रडणाऱ्या एका लेकराच्या हातात त्यानं बिस्किटाचा पुडा दिला, एवढंच त्यानं केलं होतं. तो कानडीत काहीतरी सांगत होता आणि त्याची कानडी ऐकून लोक जास्तच चेकाळत होते.

मी गिरणीवरून येत होते. डोक्यावर दळणाचा डबा होता. तो खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

तेवढ्यात कोतवाल आले. वय ऐंशीच्या पुढं, नोकरी सुटून किती वर्षं झालेली, पण काखेत हलगी. ओरडले नाहीत, कुणाला ढकललं नाही. गर्दीतून वाट काढत गेले आणि त्या माणसाच्या पायाला पाठ टेकून मातीत बसले. हलगी मांडीवर घेतली. "मारा," म्हणाले. "पण आधी मला वलांडा."

या माणसाबद्दल मला सांगायचं आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. येईल तसं लिहिते.

आमचं गाव माकणीच्या अलीकडं. फोन नव्हते तेव्हा गावाला सगळं कोतवालांच्या तोंडून कळायचं. धरणाचं पाणी कधी सुटणार, रॉकेल कधी मिळणार, लसीची बाई कधी येणार. गावात त्यांच्या अकरा जागा ठरलेल्या होत्या. प्रत्येक जागी हलगी वाजवायची, सांगायचं ते सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, "सांगणार तलाठी, वरडणार मी." सांगणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय ते पुढच्या जागी जात नसत. म्हणायचे, "बिननावाची दवंडी म्हंजी कुत्र्याचं भुंकणं."

एकदा सरपंचानं रस्त्यात सांगितलं, उद्या गुरांचा डॉक्टर देवळापाशी येणार. कोतवालांनी दवंडी दिली. दुसऱ्या दिवशी गावानं गुरं रानात सोडली नाहीत, दुपारपर्यंत लोक देवळासमोर दावणी लावून बसले, आणि डॉक्टर आलाच नाही. सरपंचानं नुसता अंदाज केला होता. लोकांनी सरपंचाला शिव्या दिल्या. कोतवालांना कुणी काही म्हटलं नाही. पण ते दुसऱ्या दिवशी भर उन्हात पुन्हा अकरा जागी गेले. हलगी वाजवली आणि सांगितलं, "परवाचं खोटं निघालं. सांगणार सरपंच हुते, पर इचारून खात्री केली न्हाय ती म्या. परत घेतो." तेव्हापासून ज्याचा निरोप त्याला स्वतः भेटल्याशिवाय ते हलगीला हात लावत नसत. आमचे हे त्यांची थट्टा करायचे. "कोतवाल, उद्या सूर्य उगवणार म्हणून दवंडी देताय का?" ते म्हणायचे, "इचारून सांगतो."

पुढं घरोघरी फोन आले आणि दवंडी बंद पडली. मुलानं त्यांना बटणांचा फोन घेऊन दिला. दुसऱ्यांच्या फोनवर काय आलं ते पाराजवळ त्यांच्या कानावर पडायचंच. हरवलेल्या पोरीचा फोटो फिरत होता. सगळे हळहळत पुढं पाठवत होते. कोतवालांनी त्याखालचा नंबर दत्ताकडून वाचून घेतला आणि सरळ लावला. पलीकडं पोरीचा बाप होता. म्हणाला, "बाबा, पोरगी सापडून तीन वर्षं झाली. कॉलेजात जाती. रोज लोकांचे फोन येतात, तिला तोंड दाखवायची चोरी झालीय. कृपा करून थांबवा." कोतवालांनी पारावर सगळ्यांना ते सांगितलं आणि म्हणाले, "एवढे शिकलेले तुमी, एकानंबी फोन लावला न्हाय?"

मी तेव्हा हसले होते. मला वाटलं होतं, आपल्याकडून असं व्हायचं नाही. गावात मी तोंडावर बोलणारी म्हणून ओळखली जाते. काकू खोटं बोलत नाहीत, असं लोक म्हणतात.

आता माझी चूक सांगते. तामलवाडीच्या भाचीनं फोनवर एक मजकूर पाठवला. सुनेनं तो मला वाचून दाखवला. मला लिहून पाठवायला जमत नाही, म्हणून बटण दाबून मी तो माझ्या आवाजात बोलले आणि गावाच्या, माहेरच्या आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. लोकांना खरं वाटावं म्हणून 'भाचीनं पाठवलं' याचं 'भाचीनं डोळ्यानं बघितलं' केलं. एवढा एकच शब्द मी माझ्या पदरचा घातला. तो माणूस खांबाला बांधला गेला तो त्या शब्दानं.

कोतवालांनी मला गर्दीच्या मागं बघितलं. "वैनी, पुढं या."

मी गेले.

"भाचीनं बघितलं?"

"पाठवलं."

"पाठवलं का न्हाय ते म्या इचारलं न्हाय. बघितलं का?"

"न्हाय."

"मग कुणी बघितलं?"

"ठाऊक न्हाय."

"मोठ्यानं सांगा. मागच्यांना ऐकू गेलं न्हाय."

मी डबा खाली ठेवला आणि मोठ्यानं सांगितलं. कुणीच बघितलेलं नाही, मी खोटं बोलले. एवढ्या माणसांपुढं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. दत्ताच्या हातातला फोन खाली आला.

बाकीची पोरं अजून शूटिंग करत होती. कोतवाल त्यांना म्हणाले, "चालू ठिवा. पोलिसाला दावू, कोन कोन हुतं ते." एकेक फोन खिशात गेला. मग ते दत्ताला म्हणाले, "तुझा कशाला आत ठिवतोस? पोलिसाला लाव. फोन त्येच्यासाठी असतो." दत्तानं लावला.

दावं मी सोडलं. गाठ ओढून बसली होती, नखं मोडली. कोतवालांनी त्याला पाणी पाजलं, कानडीत नाव विचारलं, घरचा नंबर घेतला आणि त्याच्या बायकोला स्वतः फोन लावला. पोलीस त्याला उमरग्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. दिवस मावळायच्या आत कोतवाल आमच्या दारात आले. "हाड मोडलंय. जिवाला धोका न्हाय." मी उंबऱ्यावर बसले. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, ते तेव्हा लक्षात आलं.

"फोनमध्ये सगळीकडं सांगून टाकते," मी म्हटलं.

"टाकाच. ज्या ज्या ठिकाणी पाठवलं तिथं तिथं टाका, तुमच्याच आवाजात. पर गावात ज्येंच्याकडं फोन न्हाय, त्येंनीबी ऐकलंय. त्येंचं काय?"

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. हलगी त्यांची, तोंड माझं. अकरा जागा. प्रत्येक ठिकाणी मी तेच सांगितलं, "टोपल्यावाल्याबद्दल मी बोलले ते खोटं होतं. सांगणारी मी, आणि ओरडणारीही मीच." सातव्या जागी माझी जाऊ दारात उभी होती. म्हणाली, "का वं, आता दवंडीला लागलाव काय?" मी म्हटलं, "लागले. खोटं बोलल्यावर लागावं लागतं." कोतवाल हसले. त्यांना दात नव्हते, हसले की लेकरासारखे दिसत.

परत आल्यावर त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला. माझ्या सासूच्या काळात ते ओट्याच्या खाली उभं राहून निरोप सांगायचे. सासू असती तर ते गेल्यावर तिनं ओटा धुतला असता. मी कप धुतले, रोज धुते तसे.

मारणाऱ्या चौघांवर केस झाली. माझाही जबाब झाला. होतं ते सांगितलं.

कोतवाल गेल्या थंडीत गेले. रात्री जेवले, झोपले, सकाळी उठले नाहीत. त्यांच्यासारखं मरण मिळायला नशीब लागतं. आता फोनवर काही आलं की मी सुनेला विचारते, कुणी बघितलं? ती वैतागते, पण भाचीला फोन लावून विचारते. भाची आता फार काही पाठवत नाही.

त्या टोपल्यावाल्याचं नाव मल्लप्पा. वर्षभर तो इकडं फिरकला नाही. कोतवालांच्या दहाव्याला मात्र आला. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, पण गाडी चालवतो. कोतवालांच्या अंगणात बसून जेवला. मी वाढलं. त्यानं मला ओळखलं आणि भात दोनदा मागून घेतला.

त्या दिवशी खांबाला बांधलेला माणूस जगला.