भर जुलैत आटलेला झरा
सर्जापूर रोडवरच्या कचेरीत माझ्या वाट्याला किनारपट्टीचा पाऊस आला आहे. कारवारपासून मंगळूरपर्यंतच्या पावसाचे आकडे जमवायचे, महिन्यावार तक्ते करायचे, कुठे सरासरीपेक्षा जास्त नि कुठे कमी ते नकाशावर रंगांनी दाखवायचं. जून-जुलै गडद निळे, ऑगस्ट जरा फिका, ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे विखुरलेले ठिपके, आणि मग मेपर्यंत जवळजवळ कोरा कागद. इथे बेंगळुरात जुलै म्हणजे गार वारा आणि भुरभुर. खरा पाऊस मेच्या वळवात, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबरात. आमचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. त्यामुळे किनाऱ्यावरचा पाऊस मला फक्त आकड्यांतून ठाऊक होता. अक्काच्या तो अंगवळणी पडला होता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन ती कारवारकडच्या एका समुद्राकाठच्या खेड्यात गेली. भावोजी मालवाहू जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यावरच. घरी अक्का, तिच्या सासूबाई, ज्यांना आम्ही कानडी रिवाजाने अत्ते म्हणतो, आणि एक गाय. घरामागे टेकडी. खालून जाणारा रस्ता रुंद केला तेव्हा ती टेकडी एका अंगाने उभी कापली गेली होती.

त्या जुलैत तिकडे पावसाने उसंत म्हणून घेतली नव्हती. मी जयनगरच्या घरूनच काम करत होतो. सकाळी अक्काचा फोन आला.

"मागचा झरा कालपर्यंत लाल पाणी ओतत होता," ती म्हणाली. "आज बघते तर आटलाय."

"आटला? एवढ्या पावसात?"

"हां रे. आणि न्हाणीचं दार लागेना. लाकूड फुगलंय, दुसरं काय!"

भर पावसात वाहता झरा थांबला, तर पाणी डोंगराच्या पोटात तुंबलेलं असू शकतं, हे दरडींबद्दलच्या अहवालांत मी वाचलं होतं. आणि दार काही फक्त फुगल्यानेच अडत नाही. जमीन सरकली तरी चौकट तिरकी होते.

"अक्का, अत्तेंना घे आणि घर सोड. आत्ताच्या आत्ता."

ती हसली. "गेल्या वर्षीही तू असंच सांगितलंस. अंथरुणं घेऊन शाळेत जाऊन राहिलो आम्ही, आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन! गाव हसलं आम्हाला."

"या वेळी तसं नाहीये."

"सरी, बघते," म्हणून तिने फोन ठेवला. 'सरी' म्हणजे कानडीत 'बरं', पण अक्काचं 'सरी, बघते' म्हणजे नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी तिकडच्या तालुका कचेरीत फोन लावला. फोन उचलणाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, पण त्याची माणसं दुसरीकडच्या पुरात अडकली होती. "जमेल तसं पाठवतो," म्हणाला. मी पुन्हा अक्काचा नंबर फिरवणार, एवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्या हातून फोन घेऊन तिनेच लावला.

"मी बोलतेय," आई म्हणाली. आवाज खोल गेलेला. "मला बरं नाही गं. पहिल्या गाडीने ये. विहीणबाईंनाही आण. त्यांना एकदा भेटायचंय."

पलीकडून अक्का काहीतरी विचारत राहिली. आईने फोन माझ्या हातात दिला आणि मान हलवली. मी "हो" एवढंच म्हटलं. आईला खोटं बोलताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग वाट बघणं. बाहेर जयनगर नेहमीसारखं. ढगाळ हवा, भाजीवाल्याची हाक, कोपऱ्यावर फुलं निवडणाऱ्या बायका. घरात आम्ही दोघं फोनकडे डोळे लावून. पडद्यावरचा नकाशा मी दर थोड्या वेळाने ताजा करत होतो. किनाऱ्यावरचा गडद पट्टा जागचा हलत नव्हता. आईने ताटाला हात लावला नाही.

दुपारी अक्काचा फोन आला. दोघी रिक्षाने स्टेशनवर पोचल्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

"गाडी वाटेत कुठंतरी अडकलीय," अक्का म्हणाली. "आई कशी आहे? खरं सांग."

"आहे तशीच आहे. तू स्टेशनातच थांब. घरी परतू नकोस."

"अत्तेंचा जीव गाईत अडकलाय. शेजारणीला सांगून आलेय. ती जाईल आता गोठ्यात, दूध काढायला."

गोठा टेकडीला अगदी लागून होता. मी आईकडे पाहिलं. तिलाही फोनमधलं ऐकू गेलं होतं. तिने डोळे मिटून घेतले.

"अक्का, आई बरी आहे," मी म्हणालो. "तुला बाहेर काढायला ती खोटं बोलली. शेजारणीला फोन कर. गोठ्यात जाऊ नको म्हण. लवकर!"

फोन कट झाला.

त्यानंतर तिचा नंबर लागेना. कधी व्यस्त, कधी कक्षेच्या बाहेर. आई देवघरापुढे जाऊन बसली. पण दिवा लावला नाही, हातही जोडले नाहीत. नुसती बसून राहिली.

दिवे लागणीच्या सुमाराला फोन वाजला.

"टेकडी आली," अक्का म्हणाली. "गोठा गेला. निम्मं घर गेलं."

"आणि शेजारीण?"

अक्काचा फोन शेजारणीला गोठ्यातच लागला होता. ऐकल्यावर तिला एकटीला पळता आलं असतं. पण ती गाईचं दावं सोडायला थांबली. गाय सुटून अंगणापार गेली. ही मागून धावली आणि कमरेपर्यंत चिखलात गाडली गेली. गावातल्या लोकांनी हातांनी माती उपसून तिला काढलं. पाय दोन ठिकाणी मोडला होता.

त्यानंतर पाऊस ओसरला. जुलैचा दुसरा पंधरवडा किनाऱ्यावर कोरडाच गेला, आणि महिन्याची बेरीज सरासरीच्या आसपास आली. तक्त्यात तो जुलै चारचौघांसारखा दिसतो. तो रकाना मीच भरला.

अक्का आईशी बोलेना. सप्टेंबरात ती बेंगळुरात आली, तीही मी फार गळ घातली म्हणून. बाहेर धो धो पाऊस होता. जेवता जेवता ती एकदम म्हणाली, "नीट विश्वासात घेऊन सांगितलं असतं, तर मी शेजारणीलाही बरोबर नेलं असतं. गोठ्यात पाठवलं नसतं."

"याने सांगितलं होतं," आई म्हणाली. "निघालीस?"

अक्काने घास खाली ठेवला. मी बोलायला तोंड उघडलं, पण आईने हातानेच थांबवलं.

आता अक्का आणि अत्ते बाजाराजवळच्या भाड्याच्या घरात राहतात. शेजारीण काठी घेऊन चालते. अक्काने तिला सगळं सांगून टाकलं, आईच्या खोट्यासकट. ऐकून ती म्हणाली, "माझी आई असती तर तीही अशीच बोलली असती." अक्का म्हणते, हे ऐकून बरं वाटलं नाही, उलट जास्त लागलं.

पुन्हा वेळ आली तर पुन्हा खोटं बोलेन, असं आई अजून म्हणते. अक्का समोर असली तर ते ऐकून ती उठून आत जाते.