एका नजरेला एक भोक

रस्ता सुरक्षेचं आमच्या जिल्ह्यात आजवर जेवढं काम झालं, त्यातलं निम्मं माझ्या आत्याच्या यजमानांनी केलंय आणि उरलेलं निम्मं कुणीच केलेलं नाही. सरकार सप्ताह साजरा करतं, हे मला मान्य आहे. यंदाचे पाहुणे ‘मोबाईल आणि वाहनचालक’ या विषयावर बोलले, मध्ये फोन आला तेव्हा तेवढा घेतला आणि मग पुढे बोलले. ‘वाहने सावकाश चालवा’ हा फलकही चौसाळ्याजवळ उभा आहे. कुणा भावी सभापतीच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्यावर बांधलेला असल्यामुळे त्याला ऊन लागत नाही.

आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. आमचे हे मामा एसटीत कंडक्टर होते. तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच त्यांच्याकडेच राहिला. कसा, ते विचारायचं नाही. ड्रायव्हरचं लक्ष दुधासारखं मापता येतं, असं त्यांचं ठाम मत. कुठल्याही गाडीत ते आरशात ड्रायव्हरचे डोळे दिसतील अशी जागा पकडतात. डोळे रस्ता सोडून दुसरीकडे गेले, की जुन्या तिकिटावर टिक! एका नजरेला एक भोक. उतरताना तोंडी परीक्षा वेगळी: मागच्या वळणावर बोर्डावर काय लिहिलं होतं? एका टेम्पोवाल्याने ‘जय महाराष्ट्र’ असं उत्तर दिलं. तो अजून आमच्या गल्लीत फिरकलेला नाही. मी त्यांना मोटारसायकलवर नांदूरघाटला नेलं, तर मला अकरा भोकं. वर म्हणाले, “भाचे, भाषणं लई झाक करतो. मान तेवढी सरळ ठेवत जा.”

त्यांची नात आणि गावातल्या आणखी नऊ मुली जीपने चौसाळ्याच्या शाळेत जातात. मामा चार दिवस त्या जीपमध्ये बसले. शेवटच्या दिवशीच्या तिकिटावर त्रेचाळीस भोकं होती. तिकीट कसलं, चाळणीच ती. असा पुरावा हाती आल्यावर मी थोडाच गप्प बसणार? ‘त्रेचाळीस वेळा मरणाच्या दारात!’ अशा मथळ्याचं पत्रक छापलं, ड्रायव्हरला हटवा अशी मागणी ठोकली आणि ग्रामपंचायतीसमोर पालकांची बैठक बोलावली. जीप हातातून गेली तर त्या ड्रायव्हरला बायकोला घेऊन ऊसतोडीला जावं लागणार, हे मला ठाऊक होतं. पत्रकात त्या गोष्टीला जागा उरली नव्हती.

बैठकीत ड्रायव्हर उभा राहिला. मला वाटलं, आता हातापाया पडेल. तो मामांकडे बघूनच बोलला.

“मोबाईलची सहा माझी, मामा. चूक हाय. पण तुमी मागं टिक केलं की मला वाटतं गाडीचं कायतरी मोडलं. मग मी आरशात बघतो. बघितलं की तुमी परत टिक करता. मी काय करू, सांगा.”

लोक हसले. मी रागाने पत्रक हलवत उभा राहिलो, तर मामांनी माझा शर्ट धरून मला खाली बसवलं. त्यांनी तिकीट उन्हाकडे धरून बघितलं.

“बरोबर हाय त्याचं,” ते म्हणाले. “सहा त्याची. बाकीची माझी.” मग तिकीट खाली घेत, “नोकरीत बी असंच झालतं. घाटात म्याच हाक मारलती ड्रायव्हरला. त्यानं वळून बघितलं आन् गाडी कठड्याला घासली. चौकशीत समद्यांनी त्यालाच धरलं. म्या गप बसलतो.”

जीप त्याच ड्रायव्हरकडे राहिली. गाडी सुरू करण्याआधी मोबाईल मामांच्या हातात द्यायचा, एवढंच ठरलं. माझी पाचशे पत्रकं आत्या डब्यांच्या तळाला अंथरते. चळवळीचं साहित्य इतक्या घरगुती उपयोगाचं असतं, हे मला कुठल्याच शिबिरात शिकवलं नव्हतं.

परवा मीही त्या जीपने गेलो. मामा पंचाऐवजी मोबाईल मुठीत धरून, नजर आरशावर लावून बसले होते. मुली कुजबुजत होत्या. घाटातल्या त्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं, हे मला विचारायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मामांनी ड्रायव्हरकडे खूण करून बोट ओठावर ठेवलं, आणि चौसाळा येईपर्यंत आम्ही दोघं गप्प बसून राहिलो.