शेपटांचा डबा

आमचे साडू जन्मभर इंग्रजी शिकवत आले आणि जन्मात कुणाशी इंग्रजी बोलले नाहीत. आता यात नवल ते काय? पोहायला शिकवणारे कितीतरी जण काठावरच म्हातारे होतात.

मोडक्या खुर्चीच्या पट्ट्या कापून त्यांनी लाकडी तुकडे केले होते आणि त्यांवर इंग्रजी अक्षरं रंगवली होती. पत्र्याच्या डब्यात एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला पुढं लावायची शिंगं आणि मागं लावायची शेपटं. 'हॅपी'ला 'अन'चं शिंग लावलं की सुखाचं दुःख, वर 'नेस'चं शेपूट लावलं की त्या दुःखाचं रीतसर बारसं. जगाचं सुखदुःख हा माणूस बसल्या जागी जुळवायचा, पण 'हॅलो' म्हणायची वेळ आली की गडी पसार. "चुकलं तर?" म्हणायचे. दुसऱ्यांच्या चुकांवर तांबडी शाई ओतण्यात हयात गेलेली, स्वतःची एक चूक परवडत नव्हती.

अशात त्यांच्या मुलानं परदेशी बायको केली. सून एकटीच पंधरवडाभर राहायला येणार. तिच्याशी चार शब्द बोलता यावेत, एवढीच साडूंची इच्छा. आरशासमोर तालमी झाल्या. सून दारात आली आणि साडू तडक न्हाणीघरात शिरले.

मेहुणी पुढं झाली. "कम. सीट. ईट." सून हसत तिच्यामागं स्वयंपाकघरात.

"ऐकलंत?" साडू दाराआडून मला म्हणाले. "एकाही शब्दाला शेपूट नाही."

"पण सून गेली ना तिच्यामागं? तुम्ही बसा शेपटं कुरवाळत."

दोन-चार दिवस साडू सुनेला टाळत राहिले. मग एका दुपारी सुनेनं तो डबा उघडला आणि 'काइंड'ला 'मेंट' जोडलं. साडूंचा चहा बशीत सांडला.

"नो, नो. नॉट मेंट. नेस. काइंडनेस."

बोलून गेले आणि स्वतःच दचकले. सुनेनं मात्र ते बरोबर हेरलं. आईच्या दुधाबरोबर इंग्रजी प्यालेली पोर, त्या दिवसापासून इमानेइतबारे चुकू लागली. साडू तिच्या चुका सुधारू लागले. सुधारता सुधारता गप्पांत साडूंची गुडघेदुखी निघाली, तिच्या नवऱ्याचे लहानपणचे उद्योग निघाले. विद्वानाला वाटे, शिकवणी चाललीय.

निघायच्या दिवशी टॅक्सीपाशी साडू पुन्हा बॅगांच्या मागं दडले. सुनेनं त्यांचा हात धरला.

"आय विल कमिंग अगेन."

"नो," साडू म्हणाले. "नो टेल. नो 'इंग'. कम. ओन्ली कम."

मागून मेहुणी म्हणाली, "पहिल्या दिवशी दारात मी दुसरं काय म्हणाले होते?"