शैलाचा पाच वॅटचा खोका

शनिवारी दुपारी मी कपाट आवरत होते, तेव्हा फोनवर शैलाचं नाव आलं. सात महिने आम्ही बोललो नव्हतो. मी उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा उचलला नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिला काय काय सुनवायचं ते मनात जुळवूनच फोन कानाला लावला… पलीकडे तिचा नवरा होता. "रंजनाताई, शैला गेली हो सकाळी. हार्ट अटॅक. तुमचा नंबर माझ्याकडे नव्हता, म्हणून तिच्याच फोनवरून लावतोय." ते जुळवलेले शब्द तोंडात तसेच धरून मी उभी राहिले. त्याला आता पाच आठवडे झाले. ते शब्द अजून गेलेले नाहीत. रात्रीची भाकरी थापतानाही मध्येच ओठांवर येतात.

रबाळ्याच्या कंपनीत आम्ही अठरा वर्षं शेजारी शेजारी बसलो. समोरून सर्किटची पाटी सरकत यायची, तिच्यावर मी सोल्डरिंगचे चार जॉइंट मारायचे, पुढचे चार शैला. मी गोठिवलीची सून, आगऱ्यांच्या घरातली. ती कणकवलीकडची, ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये राहणारी. मला माझ्या चार जॉइंटशी मतलब. ती मात्र सुपरवायझरला भंडावून सोडायची, ही पाटी पुढे जाऊन करते काय? पुढे कंपनी दुसऱ्या राज्यात हलली, मी एका शाळेच्या ऑफिसात लागले आणि शैला घरी बसली. बसली असं म्हणायचं एवढंच. त्या बाईला एका जागी बसता यायचंच नाही. चहा ठेवायची आणि तो उतू जाईपर्यंत गॅलरीत जाऊन एखादा स्क्रू काढून यायची. सहा महिन्यांत तिने गॅलरीतल्या कुंड्या हलवल्या, तिथे टेबल टाकलं आणि बॅटरीवर चालणारे छोटे अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आवाज वाढवणारे खोके, करायला लागली. भंगारातल्या रेडिओचे स्पीकर, जुन्या लॅपटॉपमधले सेल, प्लायवूडचे तुकडे… एक खोका नीट वाजायला लागला की दुसऱ्या दिवशी तोच उघडलेला. "वाजतोय की गं!" मी म्हणायचे. "वाजतोय, पण बोलत नाही," ती म्हणायची. पाच वॅटच्या पुढे ती जायचीच नाही. माझ्या दिराने एकदा विचारलं, मोठा का नाही बनवत? तर म्हणाली, "मोठा विकत मिळतो."

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, धवलारीण. आमच्याकडे हळदीपासून लग्न लागेपर्यंत मांडवात बसून धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, गाणाऱ्या बायका असतात, त्यांतल्या त्या. वय अठ्ठ्याहत्तर. शब्द सगळे पाठ, पण आवाज बारीक झालेला आणि बाहेर डीजे लागलेला. दोन वर्षं त्या कुठे गायला गेल्याच नव्हत्या. शैलाला हे कळल्यापासून तिला चैन पडेना. माझ्या पुतणीच्या हळदीला ती खोका घेऊन आली, आईंच्या पदराला छोटा माईक लावला. "मावशी, तुम्ही नेहमीसारखंच गा," एवढंच म्हणाली आणि बायकांत जाऊन बसली. आई गायला लागल्या. छान चाललं होतं, खरंच छान. मग शेजारच्या मांडवातला डीजे वाढला आणि माझ्याने राहवेना. मी वाकून खोक्याचं आवाज वाढवायचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं.

खोक्यातून कानठळ्या बसतील अशी शिट्टी वाजली. पोरं हसली, बायकांनी कान झाकले. आईंनी माईक उपटला आणि धवला अर्धाच टाकून घरात गेल्या. मी सगळ्यांसमोर शैलाला म्हणाले, "म्हातारीचं हसं केलंस. तुझी खेळणी घरीच ठेव." ती खोक्याजवळ गेली, बटणाकडे बघितलं. "कुणी फिरवलं गं हे?" मी म्हणाले, "कुणी नाही." तिने वायर गुंडाळली, खोका पिशवीत घातला आणि न जेवता निघून गेली. त्यानंतर ती काही बोलली नाही, मीही नाही.

तेराव्याला आई माझ्यासोबत यायचा हट्ट धरून बसल्या. मला वाटलं, लोकाचार. पण शैलाच्या घरात शिरल्यावर त्या सरळ गॅलरीत गेल्या आणि टेबलामागचा दिवा लावला. ते बटण कपाटाआड आहे, मलाही शोधावं लागतं.

"आई, तुम्ही इथे कधी आलात?"

"दर बुधवारी येत व्हते. तू कामावर जायची तवा. ती रिक्षा घेऊन येयाची मना न्यायला." मग म्हणाल्या, "ती बोलली, रंजूला आता सांगायचं नाय. पुढच्या लगनात आयकवू."

टेबलावर नवा खोका होता. आईंच्याच आवाजावर चार महिने बसवलेला. त्याला आवाज वाढवायचं बटणच नव्हतं. "म्या इचारलं व्हतं, बटन कुटं हाय," आई म्हणाल्या, "तर निसती हसली." शैलाचे यजमान तो खोका पिशवीत घालून देत होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना. परतताना रिक्षात मी आईंना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं त्या पाठीवर हात ठेवतील. ठेवला नाही. दिवा नाक्यावर मांडीवरची पिशवी सावरून म्हणाल्या, "मंग हे तिला सांगायचं व्हतं ना, पोरी."

गेल्या आठवड्यात तळवलीच्या एका लग्नात आई त्या नव्या खोक्यावर गायल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेजारी डीजे होताच. मागच्या बायकांना नीट ऐकू येईना, तेव्हा त्या खुर्च्या उचलून पुढे आल्या आणि एकीने दुसरीला गप्प केलं. मी हात मांडीखाली दाबून बसले होते.

आता आणखी दोन धवलारणींनी खोका मागितलाय. शैलाच्या टेबलावर एक अर्धा झालेला आहे, तीन वायरी मोकळ्या. त्या कुठे लावायच्या ते कुठेच लिहिलेलं नाही. तिचं सगळं डोक्यात. मी रविवारी जाते. आधीचे दोन रविवार सोल्डरिंगचं आयर्न तापवलं, हातात धरलं आणि बंद करून घरी आले. अठरा वर्षं चार जॉइंट मारले, पण पाचवा कुठे जातो ते कधी विचारलं नव्हतं… काल मात्र एक वायर लावून पाहिली. काही नाही. काढली, दुसरीकडे लावली. तर स्पीकरमधून बारीक घूं असा आवाज यायला लागला. गाणं नाही, बोलणं नाही, नुसती घरघर. आतल्या खोलीतला टीव्ही बंद झाला. शैलाचे यजमान गॅलरीच्या दारात येऊन उभे राहिले. "चुकलंय कुठेतरी," मी म्हणाले आणि बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे थोडा वेळ," ते म्हणाले.