आंटीची उभी राहणारी बॅग

दादरच्या बॅगांच्या दुकानात मी नवा होतो. आठवी सोडून नांदेडहून आलेलो. शेठने नुसतं वळून बघितलं तरी वाटायचं, झालं, आता परत गावाला.

अशात परळच्या एक फ्रॉकवाल्या आंटी आल्या. काउंटरवर त्यांनी रंगीत प्लास्टिकच्या तबकड्यांची चळत ठेवली.

"डिस्क गोल्फ रे. लांबच्या टोपलीत तबकडी फेकायची. पाठीवरची बॅग दर वेळी खाली ठेवावी लागते, म्हणून ती उभी राहायला पाहिजे."

"सगळ्या उभ्याच आहेत की, आंटी."

त्यांनी चष्मा वर ढकलला आणि बॅगा फुगलेल्या दिसाव्यात म्हणून आम्ही आत कोंबलेली रद्दी त्या स्वतःच उपसायला लागल्या. तबकड्या भरल्या की प्रत्येक बॅग वरातीतल्या पिलेल्या मामासारखी तोंडावर पडायची. शेठ माझ्याकडेच बघत होते.

"रद्दी खाऊन कोण पण ताठ उभा राहतो," आंटी म्हणाल्या. "माझं सामान घेऊन राहतो काय, सांग."

घाबरून मी माळ्यावरची, कुणीच न घेतलेली, चौकोनी बुडाची जांभळी बॅग काढली. जड तबकड्या तळाला, त्यांची पाण्याची बाटली बाजूला. आंटींनी तिला गुडघ्याने ढुशी दिली. हलली नाही.

जाताना त्या शेठला म्हणाल्या, "ह्याला काढू नको हां. घाबरतो, पण खरी बॅग काढतो."

शेठने मला ठेवलं. मी आईला फोनवर सांगितलं, मुंबईत आपला वशिला आहे. तिने नाव विचारलं, तेव्हा मात्र पंचाईत झाली.